रंजका

पौष महिना उजाडला की आमच्या बेळगावच्या बाजारात ओल्या लाल मिरच्यांचे ढीग दिसू लागतात आणि माझे पाय तेथे आपोआप घुटमळतात. याच दिवसांत आमच्या घरी रंजका होत असे. रंजका म्हणजे ओल्या तांबड्या मिरचीचा, मीठ-लिंबू घालून मुरविलेला ठेचा. हा शब्द मराठीत आहे तसाच कानडीतही आहे. त्याची मालकी सांगण्याच्या फंदात आज मी पडत नाही. मुळात मिरचीच पोर्तुगीज दर्यावर्दींबरोबर अमेरिका खंडातून आपल्याकडे आलेली पाहुणी. परंतु तारुण्यात एवढे शहाणपण नव्हते.

आईचा रंजका तिच्या एकटीचा कधीच नव्हता. आमच्या शेजारच्या अक्का कानडी. त्यांच्या परसातील दगडी रगड्यावर दोन्ही घरांचा रंजका एकदमच वाटला जाई. रंगासाठी ब्याडगी मिरची आणि तिखटपणासाठी आमच्याच जिल्ह्यातील संकेश्वरी. मिरच्या देठांसकट धुवावयाच्या, पुसून सावलीत सुकवावयाच्या आणि मगच देठ खुडावयाचे. आधी खुडले तर पाणी मिरचीच्या पोटात शिरते आणि रंजका नासतो. किलोभर मिरचीला दहा लिंबांचा रस, तेलात परतून कुटलेली मेथी, हिंग आणि अंदाजाने खडे मीठ. वाटताना पाण्याचा थेंब चालावयाचा नाही. चिनी मातीच्या बरणीत भरून वर तेलाचा थर दिला की तो मुरू लागे. चार-आठ दिवसांत त्याला आंबूस वास सुटे. मग ज्वारीची भाकरी, घट्ट दही आणि रंजका. दुसऱ्या कालवणाची आठवणही होत नसे.

वाटण संपेपर्यंत दोघींच्या हातांची आग होई. ती पाण्याने शमत नाही, कारण मिरचीतील कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. उष्णता ज्या मज्जातंतूंना जाणवते त्यांनाच मिरची डिवचते, हे दाखवून देणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना 2021 सालच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. अक्कांना यातले काही ठाऊक नव्हते. पण खोबरेल तेलाची वाटी आणून त्या आईचे हात चोळून देत, एवढे मला ठाऊक आहे.

1986 च्या जूनमध्ये भाषेच्या प्रश्नावर सीमाभाग पेटला. माणसे मृत्युमुखी पडली. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि रक्त तापलेले होते. पुढल्या पौषात आई मिरच्यांची टोपली घेऊन निघाली, तेव्हा मी दारात आडवा उभा राहिलो. "आई, यापुढे त्यांच्या रगड्यावर जायचं नाही," असे मी मोठ्याने म्हणालो. आई काहीच बोलली नाही. तिने टोपली खाली ठेवली आणि आमच्या लहानशा पाट्यावर एकटीने रंजका वाटला. पंधरवड्यात बरणीवर पांढरी बुरशी धरली. तिने तो निमूटपणे परसात पुरून टाकला. दोन दिवसांनी मधल्या भिंतीवर अक्कांची अर्धी भरलेली बरणी दिसली. ती कोणी ठेवली, हे कोणी विचारले नाही. पुढल्या वर्षी आई पुन्हा रगड्यावर गेली. मी दारात उभा राहिलो नाही. मात्र झाल्या गोष्टीचा शब्द मी कधी काढला नाही.

आई जाऊन तीन वर्षे झाली. यंदा दोन किलो मिरच्या घेऊन मी अक्कांकडे गेलो. त्या आता पंचाऐंशीच्या घरात आहेत. देठ खुडता खुडता मी म्हणालो, "अक्का, त्या वर्षी आईला मीच अडवलं होतं."

"ठाऊक आहे की रे मला," त्या मान वर न करता म्हणाल्या. "तुझा आवाज काय लहान होता होय?"

मी गप्प राहिलो. थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "तुझी आई मीठ नेहमी कमी घालायची. तिचं लक्ष नसताना मी आणखी एक मूठ टाकायची. त्या वर्षी मी नव्हते, म्हणून बुरशी आली. एवढंच की रे."

आयुष्यभर मुलांना शिकविले, पण आईच्या रंजक्यातील ती मूठ मला कधी दिसली नव्हती. यंदा वाटण मी केले, मीठ मात्र अक्कांच्याच हातून घालून घेतले. शिक्षकी सवयीने आधी ते तोलून पाहिले. त्या जास्तीच्या मुठीसकट किलोला दीडशे ग्रॅम भरले. वहीत तसे लिहून ठेवले आहे.

हातांची आग सुरू झाली तेव्हा अक्कांनी सुनेला हाक मारून खोबरेल तेल मागविले. मी हात पुढे केले.