कसाऱ्याचा थांबा

मुंबईहून नाशिककडे जाणाऱ्या प्रवाशाच्या लक्षात कसारा राहते ते तेथील थांब्यामुळे. गाव लहान, लांब पल्ल्याच्या गाडीतून उतरणारी माणसे मोजकी. तरीही मोठमोठ्या गाड्या येथे थांबत आल्या आहेत, त्या घाटासाठी. कसारा ते इगतपुरी या सुमारे १४ किलोमीटरांच्या टप्प्यात रुळांना सुमारे ३०० मीटर उंची गाठावी लागते. चढाचे प्रमाण सदतीसास एक, म्हणजे ३७ फूट पुढे जाताना एक फूट वर. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने १ जानेवारी १८६५ रोजी हा थळ घाट वाहतुकीस खुला केला. चढणाऱ्या गाडीला मागून रेटा देण्यासाठी कसाऱ्याला बँकर इंजिने जोडायची आणि इगतपुरीला ती सोडवायची, ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. रेल्वेच्या दप्तरी हा तांत्रिक थांबा. कसाऱ्याच्या बाजारपेठेत त्याला बरकत म्हणतात.

या थांब्याच्या आवाजावर ज्यांचा दिवस उगवतो आणि मावळतो, असे एक वयोवृद्ध धान्यव्यापारी कसाऱ्यात आहेत. त्यांचा नातू नववीत शिकतो. शाळेच्या सहलीत त्याने पुण्यास कोथरूडमधील जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय पाहिले. भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभर जोपासलेल्या छंदातून उभे राहिलेले हे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी सुरू झाले. तेथे बोटभर उंचीच्या गाड्या धावतात, सिग्नल बदलतात, आणि गाडी नेमकी फलाटाशी येऊन उभी राहते. मुलाच्या मनात घर केले ते या शेवटच्या गोष्टीने. चातुर्मासात पाठशाळेच्या मुलांचे प्रदर्शन भरणार होते. त्यासाठी आपल्याच गावचा लोहमार्ग करावा आणि त्यावर रेल्वेचे अभियंते पाहणीसाठी वापरतात तशी ट्रॉली चालवावी, असे त्याने ठरविले.

गोदामाच्या माळ्यावर फळ्या जोडून रूळ अंथरले गेले. आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा आणि इगतपुरी अशी पाच स्थानके पुठ्ठ्यातून उभी राहिली. कसाऱ्यापुढची ७४ इंचांची फळी इगतपुरीच्या टोकाला दोन इंच उचलली, की घाटाचा खरा चढ तयार. रुळांतून वीज खेळवायची आणि बाजूला ठेवलेल्या अर्डुइनो नावाच्या छोट्या संगणक-पट्टीने ती चालू-बंद करायची, अशी योजना. मुलाने आज्ञावली लिहिली ती घड्याळाच्या हिशेबाने : सुटल्यावर इतक्या सेकंदांनी आटगाव, तेथून इतक्या सेकंदांनी खर्डी, पुढे कसारा, मग इगतपुरी, आणि तेच सेकंद उलट क्रमाने परतीला.

पहिल्याच दिवशी ट्रॉली इगतपुरीच्या अलीकडे वीतभर थबकली. परतताना घाट उतरून ती कसाऱ्याचा फलाट ओलांडून खर्डीच्या वाटेवर जाऊन उभी राहिली. मुलाने चढाचे सेकंद वाढविले, उताराचे कमी केले. सायंकाळपर्यंत सारे जुळले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा चुकले. पुन्हा सेकंद बदलले. असे आठ दिवस चालले.

“दादाजी, तुम्ही हसता आहात,” मुलगा एकदा वैतागून म्हणाला.

“मुंबईची गाडी कधी कसारा विसरली नाही, तुझी रोज विसरते, म्हणून हसतो,” आजोबा म्हणाले. “अरे, तू रोज वजने बदलतो आहेस. तराजू तपासलास का?”

त्यांनी दुकानातील एक कोरा रोजमेळ मुलाच्या हाती दिला. ट्रॉली फलाटाच्या अलीकडे किती थांबली ते एका बाजूला, पलीकडे किती गेली ते दुसऱ्या बाजूला, तारीख आणि वेळेसह. आणि एका दिवशी एकच गोष्ट बदलायची. व्यापाऱ्याच्या घरातील कोणालाही ही शिस्त नवी नाही. मेळ बसत नसेल तर सगळ्या नोंदी एकदम खोडून चालत नाही, एकेक पावती उलगडावी लागते. यंत्राचा दोष शोधण्याचीही याहून चांगली रीत अद्याप कोणाला सापडलेली नाही.

आठवड्याभराच्या नोंदींतून चोर दिसू लागले. सकाळच्या पहिल्या तीन-चार फेऱ्या नेहमी अलीकडे पडत आणि नंतरच्या पलीकडे जात. कारण मोटर आणि दातेरी चाकांतील वंगण तापल्यावर ट्रॉली अधिक सैल धावते. इगतपुरीच्या टोकाला मीटर लावला तेव्हा ट्रॉली धावताना तेथे १२ व्होल्टऐवजी जेमतेम १० मिळत होते. रुळाच्या प्रत्येक सांध्यात थोडी वीज झिजत होती. टोकापर्यंत स्वतंत्र तारांची जोडी नेली आणि ती तूट भरून निघाली. रुळांवर काळसर थर चढला होता, तो स्पिरिटमध्ये भिजविलेल्या फडक्याने पुसला. एक नोंद मात्र काही केल्या उलगडेना : काही दिवशी ट्रॉली इतर दिवसांपेक्षा नितळ चाले. शोध घेता कळले की पावसाळ्यात माळ्यावर मुंग्या येतात, म्हणून आजी जयणेसाठी अधूनमधून पुंजणीने रुळांवरून अलगद हात फिरवीत असे. जीव वाचत आणि धूळही जाई. त्या दिवसापासून प्रत्येक फेरीआधी पुंजणी फिरविणे हा कामाचाच भाग झाला.

एवढे करूनही मेळ पूर्ण बसला नाही. चूक वीतभराची बोटभर झाली, पण ती साचत राहिली. आटगावला अर्धा इंच, खर्डीला एक, कसाऱ्याला दीड. रोजमेळाच्या पानावर हे आकडे एकाखाली एक पाहिले तेव्हा आजोबांना त्याचे कारण लगेच उमगले. गल्ला न मोजता कागदावरची शिल्लक पुढे ओढत राहावे, तसे ते होते. आटगावची तूट खर्डीच्या खात्यात जाते, खर्डीची कसाऱ्याच्या. ज्या दुकानात रोज रात्री रोकड मोजली जाते, तेथे आजची चूक उद्यावर जात नाही. ट्रॉलीला प्रत्येक स्थानकावर आपला गल्ला मोजता आला पाहिजे. म्हणजे आपण कोठे आहोत हे तिला ठाऊक झाले पाहिजे. किती वेळ झाला, एवढ्याने भागत नाही.

आजोबा सामायिकाला वाळूची घडी ठेवतात. ४८ मिनिटे, दोन घटिका, वाळू चोख मोजते. पण सामायिकात माणूस एका आसनावर बसलेला असतो. चालत्या गाडीचा ठावठिकाणा वाळूला विचारून कसे चालेल, हा त्यांचा प्रश्न साधा वाटतो. तो समजून घेण्यासाठी जगाला फार मोठी किंमत मोजावी लागली आहे. एकोणिसाव्या शतकात अनेक ठिकाणी एका गाडीमागून दुसरी सोडताना केवळ मधली मिनिटे मोजत. पुढची गाडी एव्हाना दूर गेली असेल, असे गृहीत धरत. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमध्ये अर्मा येथे रविवारच्या धर्मशाळेतील मुलांची सहलीची गाडी पंचाहत्तरास एक अशा चढावर अडकली. तिचे दोन भाग करून पुढचा भाग नेण्याच्या खटपटीत मागचे डबे उताराने घसरत निघाले आणि मिनिटे मोजून मागून सोडलेल्या गाडीवर आदळले. सुमारे ८० जीव गेले. त्यांत मुले पुष्कळ होती. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा करून प्रवासी मार्गांवर ब्लॉक पद्धत सक्तीची केली : पुढचा टप्पा मोकळा आहे याची खात्री पटल्याखेरीज मागच्या गाडीला वाट नाही. गाडीने स्वतःच आपली जागा सांगावी, ही युक्ती तोवर निघालेलीही होती. १८७२ मध्ये अमेरिकेच्या विल्यम रॉबिन्सनने रुळांतून बारीक वीज खेळवून, गाडीच्या चाकांनी ती जोडली जाताच सिग्नल धोक्याचा होईल अशी व्यवस्था केली होती.

मुलाने प्रथम प्रत्येक फलाटाशी अदृश्य किरणांचे संवेदक बसविले. सकाळी सारे सुरळीत चाले आणि दुपारी चार वाजता पाऊस उघडला की ट्रॉली कोठेही थांबे. पश्चिमेच्या खिडकीतून येणारे ऊन संवेदकाला ट्रॉलीच वाटत असे. हे कारणही रोजमेळातील वेळेच्या रकान्यानेच दिले. मग ते काढून ट्रॉलीच्या पोटाखाली लहान लोहचुंबक लावला आणि रुळांमध्ये रीड स्विच बसविले. चुंबक वरून गेला की काचनळीतील दोन पात्या चिकटतात. ऊन, धूळ, अंधार यांच्याशी त्यांना कर्तव्य नाही.

आता ट्रॉली बरोबर थांबू लागली, पण हलेना. ठरलेले दहा सेकंद झाले, चाके जरा फिरली, की पुन्हा थांबे. ट्रॉली अजून स्विचवरच उभी, आणि आज्ञावली म्हणते की स्विच दिसला की थांब. आजोबांनी एका वाक्यात निदान केले, “एकच पावती तू दोनदा वसूल करतो आहेस.” एकदा थांबल्यावर ट्रॉली स्विच सोडून पुढे जाईपर्यंत त्याच स्विचचे ऐकायचे नाही, अशी ओळ घातली आणि तो अडथळा सुटला.

राहिला उतार. वीज तोडल्यावरही घाटातून येणारी ट्रॉली काही इंच घरंगळे. तिच्यासाठी कसाऱ्याच्या आधी हातभर अंतरावर दुसरा स्विच बसविला. पहिला स्विच वेग कमी करतो, दुसरा थांबवितो. खऱ्या मार्गावर डिस्टंट सिग्नल आधी सावध करतो आणि होम सिग्नल मग अडवितो, तसेच. खऱ्या घाटात याहून कडक बंदोबस्त असतो. उतरणाऱ्या गाडीसाठी कॅच सायडिंग असते आणि मार्ग मुळातच त्या बाजूला लावलेला असतो. गाडीने आधी थांबून आपण काबूत आहोत हे दाखवावे, तेव्हाच तिला मुख्य मार्ग मिळतो. न थांबणारी गाडी चढावरच्या वाटेवर वळते आणि तिचा वेग तेथे जिरतो. मुलाला तेही करायचे होते, पण फळी संपली.

प्रदर्शनाच्या आदल्या सायंकाळी त्याने आज्ञावलीत आणखी एक पर्याय घातला : कसाऱ्याला न थांबता जाण्याचा. तो पर्याय काल्पनिक नाही. २०१९ मध्ये मध्य रेल्वेच्या मार्गावर सुरू झालेल्या राजधानीला पुढे व मागे अशी दोन इंजिने असल्याने बँकरची गरज उरली नाही, आणि १० फेब्रुवारी २०२३ पासून धावणारी मुंबई-शिर्डी वंदे भारतही त्यांच्याविना घाट चढते. बटण दाबताच ट्रॉली फलाटासमोरून सरळ घाटात शिरली. आजोबांनी ती इगतपुरीला पोहोचेपर्यंत पाहिली.

“काढून टाकू का, दादाजी?”

“कशाला? खरे आहे ते असू दे,” ते म्हणाले. “पण त्याची नोंद वेगळ्या पानावर कर.”

त्या रात्री रोजमेळात दोन नोंदी झाल्या. एका पानावर : कसारा, येता-जाता २० फेऱ्या, तूट नाही, इगतपुरी, एका फेरीत पाव इंच अलीकडे, कारण शोधणे बाकी. पुढचे पान कोरे ठेवून त्यापुढच्या पानावर : कसारा, थांबा नाही, फेरी १.