पाणी शेतापर्यंत पोहोचले का?

वाचकहो, आपल्या घरातील स्त्री जिना चढताना छातीवर हात ठेवून क्षणभर थांबते, तेव्हा आपण काय म्हणता? मी "पित्त असेल" असे म्हणत आलो. रायपूरच्या तात्यापाऱ्यातील आमच्या घराचा जिना चांगलाच उभा आहे. सौ. रोज त्याच्या मध्यावर थांबे आणि मी वरून विचारी, "चहाचे काय झाले?" हे लिहिताना आज संकोच वाटतो.

अखेर तपासण्या झाल्या. अँजिओग्राफीत हृदयाच्या धमन्या मोकळ्या दिसल्या. "मनावर ताण असेल," असे डॉक्टरांनी सांगितले, आणि मला तर आयतेच निमित्त मिळाले. सौ. एवढेच म्हणाली, "अहो, दुखते ते माझे मन नव्हे."

आमचा छत्तीसगड धानाचा मुलूख. येथील कोणत्याही शेतकऱ्यास विचारा; महानदीचा कालवा भरून वाहत असला, म्हणून शेवटच्या बांधापलीकडचे धान भिजतेच असे नाही. अँजिओग्राफी मोठे कालवे दाखविते. त्यांच्यापुढील अतिसूक्ष्म वाहिन्या तीत दिसत नाहीत. विश्रांतीत हृदयाच्या स्नायूला दर ग्रॅममागे मिनिटास सुमारे १ मिलिलिटर रक्त पुरते. श्रमात त्याच्या तीन-चार पट लागते. हा स्नायू बसल्या जागीही रक्तातील बहुतेक प्राणवायू शोषून घेत असतो. त्यामुळे अधिक प्राणवायू हवा, तर अधिक रक्तच आणावे लागते.

पुढे दुसऱ्या एका हृदयतज्ज्ञांनी चुंबकीय अनुनादाची, म्हणजे एमआरआयची, तपासणी सुचविली. तीत ॲडेनोसिन नावाच्या औषधाने हृदयातील वाहिन्या रुंदावावयास लावतात आणि मग शिरेतून गॅडोलिनियमचे द्रावण सोडतात. ते जेथे पोहोचते, तेथील स्नायू पडद्यावर उजळतो. जेथे उशिरा पोहोचते, तेथे काळोख रेंगाळतो. या उजळण्याच्या वेगावरून रक्ताचे माप काढता येते. क्ष-किरणांचा प्रश्नच नाही; मात्र अंगात धातूचे काही बसविलेले असल्यास, दमा असल्यास किंवा मूत्रपिंडे अधू असल्यास ते आधीच सांगावे. वाहत्या द्रवामुळे अनुनादाच्या संकेतात फरक पडतो, हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत जी. सूर्यन यांनी १९५१ सालीच अभ्यासिले होते. ते वाचून मला उगाचच अभिमान वाटला.

विश्रांतीच्या चित्रांत काही उणे नव्हते. औषध देऊन घेतलेल्या चित्रांत मात्र डाव्या जवनिकेच्या आतील अंगास सभोवार एक काळपट कड राहिली. कालवे मोकळे होते; शेते कोरडी होती. डॉक्टरांनी ती चित्रे आम्हां दोघांना दाखविली. सौ. बराच वेळ त्या कडेकडे पाहत राहिली आणि मी जमिनीकडे.

औषधे बदलली, चालणे ठरवून दिले गेले. सायंकाळी आम्ही बूढा तलावाच्या काठाने फिरतो. ती थांबली की मीही थांबतो आणि विचारतो. कधी ती नीट सांगते, कधी हसून म्हणते, "आज खरेच पित्त आहे हो."