सही आहे, पण ‘सही’ आहे का?

न्यू जर्सीतल्या आयटीवाल्यांचा वीकेंड कसा जातो? ग्रोसरी, मॉल, पॉटलक. माझा जातो जुन्या बेसबॉलवरच्या सह्या भिंगातून बघण्यात! ‘सचिन सोडून हे काय भलतंच?’ मित्र विचारतात. त्यांना कसं सांगू, हा छंद म्हणजे अर्धा खेळ आणि अर्धी हेरगिरी आहे.

आता हेच बघा. लू गेरिग गेला १९४१ मध्ये. अमेरिकेच्या दुकानांत बॉलपेन आलं १९४५ मध्ये. म्हणजे बॉलपेनने केलेली गेरिगची सही दिसली की सरळ पुढे चालू लागायचं. अधिकृत बॉलवर पूर्वी लीगच्या अध्यक्षाची सही छापलेली असायची, तीही चुगली करते. अमेरिकन लीगचे बॉबी ब्राउन अध्यक्ष झाले १९८४ मध्ये, बेब रूथ वारला १९४८ मध्ये. ब्राउनच्या बॉलवर सही करायला बिचाऱ्या बेबला स्वर्गातून खाली यावं लागलं असतं! एफबीआयच्या ‘ऑपरेशन बुलपेन’मध्ये तर चक्क मदर तेरेसांच्या नावाने सही ठोकलेले बेसबॉल सापडले. बोला!

पण माझा जीव अडकलाय तो ‘शूलेस’ जो जॅक्सनमध्ये. तुफान बॅट्समन. १९१९ च्या वर्ल्ड सीरिजच्या फिक्सिंग प्रकरणात आजन्म बाद झाला. त्याला लिहिता-वाचता जवळजवळ येत नव्हतं. सही करायची म्हणजे चित्र काढल्यासारखं कष्टाचं काम. त्यामुळे बहुतेक वेळा त्याच्या नावाने सही करायची ती बायको, केटी. त्याच्या स्वतःच्या हातची सही असलेला १९११ चा एक फोटो २०२१ मध्ये १४ लाख ७० हजार डॉलरला गेला. केटीने केलेली सही? बाजाराच्या हिशेबात ती ‘खरी’ नाहीच.

मला हे पटत नाही. माझी आजी अंगठा द्यायची. तिची पत्रं शेजारच्या काकू लिहायच्या. म्हणून ती पत्रं आजीची नव्हती? नकली सही करणारा पैशासाठी करतो. केटीने केली ती चाहता रिकाम्या हाताने जाऊ नये आणि नवऱ्याची लाज राहावी म्हणून.

रूथ, गेरिग माझ्या बजेटात बसत नाहीत. केटीच्या हातची सही परवडण्यासारखी मिळाली, तर मात्र मी घेणार. खाली चिठ्ठी लावणार : नाव जोचं, अक्षर केटीचं.