गुडघ्याची वाटी

मंडळी, बरेच दिवस काही लिहिलं नाही. परवा मुलीचा फोन आला, "बाबा, लिहिणं सोडलं का?" सोडलं नाही. पण डिसेंबरभर आणि पुढे १२ जानेवारीपर्यंत आमच्या घराचा कारखाना झाला होता. अंगणात पाईपाचे तुकडे, स्वयंपाकघरात गॅसवर पाण्याचं पातेलं, आणि मध्ये मी, हातात करवत घेऊन. पंच्याहत्तरी गाठली त्या वर्षी मी लोहार झालो, तेही प्लॅस्टिकचा!

झालं असं, की नातवाच्या शाळेचं संमेलन जिजाऊ जयंतीच्या दिवशी होतं. आमच्या बुलडाणा जिल्ह्यात १२ जानेवारी हा काही साधा दिवस नसतो. सिंदखेडराजा आमचंच. १५९८ साली जिजाऊंचा जन्म तिथला. त्या दिवशी सिंदखेडराजाला माणसांचा पूर लोटतो आणि गावोगावच्या शाळांतून नऊवारी नेसलेल्या, कमरेला तलवार लावलेल्या छोट्या जिजाऊ हिंडत असतात. नातवाच्या बाईंनी एक छोटा प्रवेश लिहिला होता. लखुजीराजे मोहिमेवरून वाड्यात परततात, लहानगी जिजाऊ धावत येते आणि त्यांची तलवार हातात मागते. एवढंच. आणि लखुजीराजे व्हायचं होतं आमच्या नातवाला.

आता नातवाबद्दल सांगायला हवं. नातलगांना ठाऊक आहे, बाकीच्यांसाठी सांगतो. तो दहा वर्षांचा आहे. जन्मतःच त्याचा डावा पाय जरा अशक्त आहे, घोटा नीट उचलला जात नाही, म्हणून पोटरीपासून तळव्यापर्यंत तो प्लॅस्टिकचा ब्रेस घालतो. चालतो, सायकल चालवतो, भांडतो तर सगळ्यात जास्त. पळताना मात्र मागे पडतो. बाईंनी आधी त्याला द्वारपाल केलं होतं. एका जागी भाला धरून उभं राहायचं, संवाद नाही. त्यानं घरी येऊन दप्तर टाकलं आणि म्हणाला, "आबा, मला उभं नाही राहायचं. मला चालायचंय."

बाई समजूतदार. त्यांनी लखुजीराजे दिले. अट एकच, पोशाख घरून करून आणायचा.

जिरेटोप बाजारात मिळाला, अंगरखा सुनेनं शिवला. पण नातवाला पायांचं चिलखत हवं होतं. कुठल्याशा परदेशी सिनेमात त्यानं ते पाहिलं होतं, नडगीवर, गुडघ्यावर, मांडीवर लखलखीत पत्रे. माझ्यातला इतिहासाचा मास्तर लगेच जागा झाला. म्हटलं, "अरे, आपल्याकडे असे नळकांड्यासारखे पाय नसत. कड्यांचं चिलखत असे, त्यात कुठे कुठे पत्रे गुंफलेले. 'आइन-ए-अकबरी'तल्या हत्यारांच्या यादीत लोखंडी मोजे आहेत, पण ते काही तुझ्या सिनेमातल्यासारखे नव्हेत." त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग लोखंडी मोजे करू या?" मास्तर हरला.

सामान घरचंच वापरायचं ठरलं. शेतात पाईपलाईन टाकली तेव्हाचे चार इंची पीव्हीसी पाईपाचे तुकडे पडून होते. आपल्याकडे शेतकरी पाईपाचं तोंड जाळावर धरून मऊ करतात आणि दुसरा पाईप त्यात बसवतात, हे लहानपणापासून पाहिलेलं. पण लेकराच्या जवळ तसं करायचं नाही. पीव्हीसी जळला की हायड्रोजन क्लोराईड निघतो, डोळे आणि घसा दोन्ही धरतात. पीव्हीसी साधारण ऐंशी अंशांना मऊ पडायला लागतो, म्हणजे उकळतं पाणी पुरे. तुकडा पाण्यात बुडवायचा, चिमट्यानं काढायचा, जाड हातमोजे घालून हवा तसा वळवायचा आणि लगेच गार पाण्यात सोडायचा. की झाला कडक.

पहिली चूक मी मापातच केली. उजव्या पायाचं माप घेतलं आणि त्यावर दोन्ही पाय केले. उजवा झकास बसला. डावा ब्रेसवरून चढेचना. मी जोर लावतोय, पोरगं ओठ चावतंय. शेवटी तोच म्हणाला, "आबा, माझा ब्रेस करताना त्या काकांनी आधी पायाला प्लॅस्टर लावलं होतं. मग त्या साच्यावर गरम प्लॅस्टिक टाकलं होतं. तसं करा ना."

बघा, चाळीस वर्षं शिकवलं आणि हे सुचलं नाही. ब्रेसही प्लॅस्टिकचाच. पायाचा साचा घेतात, भट्टीत मऊ केलेला पत्रा त्यावर ओढून बसवतात, मग कडा घासतात. आम्हीही तेच केलं. ब्रेस आणि बूट घातलेल्या पायावर जुना पायजमा चढवला, त्यावरून चिकटपट्टीचे वेढे दिले, मागून बोथट कात्रीनं कापून पाय बाहेर काढला आणि पोकळीत चिंध्या नि जुनी वर्तमानपत्रं ठासून भरली. डाव्याचा वेगळा साचा, उजव्याचा वेगळा. दोन्ही शेजारी ठेवले तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं, की त्याचे दोन पाय किती निरनिराळे आहेत. सून बघत होती. ती काही न बोलता आत गेली.

एका पायाला तीन भाग. नडगीचं पान, मांडीचं पान आणि मध्ये गुडघा. गुडघ्याचा तुकडा पाईपातून होईना, कारण पाईप एकाच बाजूला वळतो आणि गुडघा दोन्हीकडून गोल. मी दोन दिवस डोकं खाजवत होतो. आमच्या सौ. म्हणाल्या, "गुडघ्याला वाटीच म्हणतात ना? मग वाटी घ्या की!" आणि कोशिंबिरीच्या दोन प्लॅस्टिकच्या वाट्या माझ्यापुढे आपटल्या. अर्धी कड कापली, बसली. तिच्यावर रंग मात्र ठरेना, नखानं निघायचा. मग पॉलिश पेपरनं खरखरीत केली, प्लॅस्टिकचा प्रायमर दिला आणि वर चंदेरी फवारा मारला.

सगळं जोडून घातलं, आणि नातू चालायला लागला... तर मला पाहवेना. घरात तो थोडा तिरका चालतो, आता तर डावा पाय ओढत होता. वाण्याच्या काट्यावर तोलून आणलं, एका पायाचं पाचशे ग्रॅमला थोडं जास्त. मोठ्या माणसाला काहीच नाही. शिवाय खालची कड बुटावर घासून खरवडत होती. कड बाहेर मुडपायची तर सगळा तुकडा उकळत्या पाण्यात टाकून चालत नाही, आकारच जातो. तेवढ्याच जागी ऊब द्यायला गरम हवेची बंदूक लागते. ती आमच्या गावात कोणाकडे असते हे मला माहीत होतं. आणि तिथेच जायची इच्छा नव्हती.

ते दुकान मोटार रिवाइंडिंगचं आहे. दुकानदार माझा विद्यार्थी. नाव लिहीत नाही. त्याला लहानपणी पोलिओ झाला होता. त्या काळी वर्गात असं एखादं मूल असायचंच. आपल्या देशातला शेवटचा रुग्ण २०११ च्या जानेवारीत सापडला आणि २०१४ च्या मार्चमध्ये पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं, पण ही गोष्ट १९८३ ची. त्याच्या पायाला लोखंडी कॅलिपर असे, वर्गात आला की फरशीवर वाजायचं. संमेलनात मी शिवरायांवरचं नाटक बसवत होतो. तो मधल्या सुट्टीत माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "सर, मला मावळा करा." मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "तू पडदा ओढ. महत्त्वाचं काम आहे." मला वाटलं, मी त्याला जपतोय. लोक हसतील, पोरगं दुखावेल. त्यानं पडदा नीट ओढला. एकदाही चुकला नाही. पुन्हा कधी काही मागितलंही नाही.

इतकी वर्षं त्याच्या दुकानावरून जाताना तो "नमस्कार सर" म्हणायचा आणि मी मान हलवून पुढे जायचो.

त्या दिवशी पिशवी घेऊन गेलो. त्यानं खुर्ची दिली, तुकडे काउंटरवर मांडले. "सर, हे काय करून राह्यले तुम्ही?" मी सांगितलं. त्यानं नडगीचा तुकडा हातावर तोलला आणि म्हणाला, "मागची बाजू कापून टाका. पुढून दिसलं की झालं. पायाच्या टोकाला पावशेर वजन असलं ना, तर ते कमरेला किलोभर लागते. मी वागवलं आहे." मग बंदूक चालू करून त्यानं कडा मुडपून दिल्या, आतून गादीचा फोम चिकटवला. मांडीचं पान गुडघ्यावर न टेकवता पट्ट्यानं कमरेला टांगायला सांगितलं. वरचा तुकडा खालच्यावर चढता हवा, म्हणजे वाकताना अडत नाही, हेही त्यानंच दाखवलं. गुडघ्याच्या मागची खाच मोकळी ठेवली.

पैसे घेईना. मी उठलो, आणि पुन्हा बसलो. म्हटलं, "त्र्याऐंशी साली मी तुला मावळा करायला हवं होतं."

तो बंदुकीची वायर गुंडाळत होता. हसला. "जाऊ द्या सर. मी पडदा नसता ओढला तर तुमचं नाटक झालं असतं का?" मीही हसलो. वायर गुंडाळून झाल्यावर तो खाली बघतच म्हणाला, "पण व्हायचं होतं मला मावळा."

यावर मी काय बोलणार? "चुकलं माझं" एवढंच म्हणालो. तो म्हणाला, "चहा घ्या." घेतला.

घरी आल्यावर मागची बाजू कापली. एका पायाचं वजन दोनशे तीस ग्रॅमवर आलं.

सरावाच्या काळात नातवानं एकदा विचारलं, "आबा, लखुजीराजे कसे मेले?" १६२९ च्या जुलैत दौलताबादला निजामशहाच्या दरबारात त्यांचा खून झाला. सोबत अचलोजी आणि राघोजी हे मुलगे आणि नातू यशवंतराव. एका दिवसात तीन पिढ्या. त्यांची भव्य समाधी सिंदखेडराजाला आहे, मी त्याला दाखवली होती. तो म्हणाला, "चिलखत नव्हतं घातलं?" मी म्हटलं, "ज्याची चाकरी करतो त्याच्याकडे कोण चिलखत घालून जातं?" मग त्याला तारखा जोडून दाखवल्या. या खुनानंतर सातेक महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १६३० ला शिवरायांचा जन्म. आणि १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली अफजलखानाला भेटायला जाताना त्यांच्या अंगरख्याखाली चिलखत होतं. जिजाऊंनी मुलाला आजोबांची गोष्ट सांगितली असेलच ना? हा माझा तर्क, पुस्तकातला नव्हे. वर्गात कधी बोललो नसतो.

संमेलनाच्या दिवशी मी आणि सौ. दुसऱ्या रांगेत. नातू रंगमंचाच्या एका टोकाहून निघाला. तिसऱ्या पावलाला डाव्या गुडघ्याच्या वाटीचं वेल्क्रो सुटलं आणि वाटी लोंबायला लागली. माझ्या छातीत धस्स झालं. तो थांबला, वाकला, वाटी ओढून काढली, काखेत धरली आणि पुढे चालू लागला. सावकाश, थोडा तिरका. लोकांना वाटलं, मोहिमेवरून आलेला सरदार असाच चालणार. जिजाऊ झालेली मुलगी मात्र वाटीकडे बघून संवाद विसरली!

मागे वळून पाहिलं तर दाराशी माझा तो विद्यार्थी उभा होता. मी बोलावलं होतं, येईल असं वाटलं नव्हतं. जाताना म्हणाला, "घाई नाही केली त्यानं. हे चांगलं."

रात्री नातवानं पोशाख उतरवला. पायांचं चिलखत कोपऱ्यात कसंही टाकलं, एक पान तर पलंगाखाली गेलं. ब्रेस मात्र रोजच्यासारखा पुसून उशाशी नीट उभा ठेवला. सकाळी तोच लागणार होता.

असो. तुमच्यापैकी कोणी असलं काही केलं असेल तर जरूर कळवा. आणि पीव्हीसी जाळावर धरू नका, पातेलं घ्या. मात्र घरच्यांना विचारून घ्या. आमचं पातेलं अजून वादात आहे.