कलम १० चा अर्ज आणि माझ्या बाकीच्या चुका

कूळकायद्याचं कलम ८५अ मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. नाशिकला वकिली सुरू केल्यावर ते वापरायची वेळ आली, तेव्हा अर्ज मात्र भलत्याच कलमाखाली दिला.

पक्षकार वयस्कर शेतकरी. वडिलांपासून जमीन कसत आलेले, सातबाऱ्यावर इतर हक्कात कूळ म्हणून नाव. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी जमीन कसणारं कूळ कायद्याने मालक मानलं जातं, म्हणून खरेदीची किंमत ठरवायचं ३२ग चं प्रकरण शेतजमीन न्यायाधिकरणापुढे, म्हणजे तहसीलदारांकडे, चालू होतं. तेवढ्यात मूळ मालकाच्या मुलांनी दिवाणी दावा लावला: हे कूळ नव्हेत, सालदार होते, यांना मनाई करा.

प्रश्न एकच आणि चाललाय दोन ठिकाणी, म्हणून मी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १० खाली दावा थांबवण्याचा अर्ज दिला. तो फेटाळला गेला, आणि योग्यच झालं. कलम १० दोन दिवाणी दाव्यांसाठी आहे. न्यायाधिकरणातलं प्रकरण त्यात बसत नाही. कामगार न्यायालयातल्या वादाचं कारण दाखवूनही दिवाणी दावा या कलमाखाली थांबवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने बंगळूरच्या निमहान्स संस्थेच्या प्रकरणात सांगितलं आहे.

खरा रस्ता ८५अ चा. ते १९५६ च्या दुरुस्तीने आलं. कूळ आहे की नाही, असा महसुली अधिकाऱ्यानेच ठरवायचा मुद्दा दाव्यात निघाला, तर कोर्टाने दावा स्थगित करून तो मुद्दा त्याच्याकडे पाठवायचा आणि आलेल्या निर्णयाप्रमाणे दावा निकाली काढायचा. भीमाजी कुलकर्णी विरुद्ध दुंडाप्पा उदपुडी या १९६५ च्या निकालाने हे पक्कं केलं. १९७९ च्या गुंडाजी शिंदे प्रकरणाने त्याच वाटेवर आणखी एक प्रश्न नेला: शेतजमिनीच्या साठेखताची पूर्तता मागणारा शेतकरी आहे का?

दुसऱ्यांदा अर्ज करायला गेले, तर माझ्याच कैफियतीने अडवलं. ‘प्रतिवादी कूळ आहे’ एवढंच एक वाक्य मी लिहिलं होतं. कधीपासून, कोणाकडून, खंड किती, पावत्या कुठे, काहीच नाही. एवढ्यावर कोर्टाने मुद्दा काढायचा कसा आणि तहसीलदारांकडे पाठवायचा काय? कैफियत दुरुस्त करून घेतली, मग मुद्दा निघाला आणि दावा थांबला.

इथवरच्या चुकांत वेळ गेला. पुढची मोठी होती. स्थगितीचा आदेश हातात पडला तेव्हा मी म्हणाले, “बाबा, आता निवांत राहा. सगळं थांबलंय.” त्यांनी ऐकलं. थोड्याच दिवसांत सामनेवाल्यांनी बांधावर तारेचं कुंपण घातलं. बाबा कोर्टाचा मान राखायचा म्हणून गप्प बसले आणि मला फार उशिरा कळवलं, कारण मीच निवांत राहा म्हटलं होतं.

थांबला होता फक्त दावा. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली अडथळा दूर करून घ्यायला ६ महिन्यांची मुदत असते. ती उलटून गेली होती. दावा स्थगित असतानाही कोर्टाकडे अंतरिम मनाई मागता येते. प्रतिदावा करून मी ती मागितली नव्हती. कोर्टाचे कागद तहसीलला पोचले का, हे पाहायलाही गेले नव्हते. ते पोचलेच नव्हते.

कूळकायद्याच्या कलम २९ ची २ वर्षांची मुदत शिल्लक होती, म्हणून ताब्याचा अर्ज करता आला. कूळ असल्याचा निर्णय आमच्या बाजूने लागला. मग प्रांतांकडे अपील, त्यावर महसूल न्यायाधिकरणात फेरतपासणी. तोवर दिवाणी दावा जागेवरच. ताबा परत मिळाला, पण मधल्या हंगामांचा कांदा गेला तो गेलाच.

आता स्थगितीचा आदेश झाला की पक्षकाराला कागदावर लिहून देते: काय थांबलंय, काय चालू आहे, कोणती मुदत कधी संपते. शेतात काही हललं तर त्याच दिवशी फोन करा, असंही त्यात असतं.

बाबांनी मला कधी बोल लावला नाही. थांबलेल्या दाव्याच्या प्रत्येक तारखेला ते मात्र एसटीने येत राहिले, आणि काहीच न घडलेल्या त्या तारखांची फी मी घेत राहिले.