एक विषय पुढच्या वर्गातला

फर्दापूर, ता. सोयगाव
कार्तिक वद्य पंचमी

चि. बाळ,

दिवाळीत तू विचारलंस, अकरावी चालू असतानाच आयआयटीचा एखादा कोर्स करता येतो का, आणि करावा का? तुझ्या पप्पांनी त्यावर एवढंच विचारलं, "त्याने सीईटीचे मार्क वाढतात का?" आणि विषय तिथेच थांबला. फोनवर असलं बोलणं तुटक होतं, म्हणून सविस्तर लिहिते. हे पत्र पप्पांनाही वाचायला दे.

उत्तर आधी सांगते. कर. पण एकच कर, आणि याच जानेवारीत कर. बारावीत नको.

पप्पांच्या प्रश्नाला सरळ उत्तर द्यायला हवं. सीईटीत याने एकही मार्क वाढणार नाही. सीईटीत अकरावीच्या अभ्यासक्रमाला वीस टक्के आणि बारावीच्या अभ्यासक्रमाला ऐंशी टक्के वजन आहे, बाहेरच्या कोर्सला शून्य. तरी मी कर म्हणते, त्याचं कारण तुझाच एक प्रश्न आहे. गेल्या उन्हाळ्यात तू टी-पॉइंटवर थांबून अजिंठा लेण्यांकडे वळणाऱ्या गाड्या मोजल्या होत्यास आणि सरासरी, प्रमाण विचलन काढलं होतंस. मग क्लासमध्ये विचारलंस की काही पुस्तकांत एकूण संख्येने भागतात आणि काहींत एक वजा करून भागतात, असं का? तुला उत्तर मिळालं, "परीक्षेला येत नाही." मी तुला थोडं समजावलं, पण पुरं समजावायचं तर नमुना म्हणजे काय, अंदाज कलतो म्हणजे काय, हे सगळं मुळापासून घ्यावं लागतं, आणि ते पदवीच्या संख्याशास्त्रात आहे. तुझा प्रश्न तुझ्या वर्गाच्या पुढे गेला आहे. त्याला दोन वर्षं दाराबाहेर उभं करायचं कारण मला दिसत नाही. दोन वर्षांनी तो तुझ्याजवळ असेलच याची खात्रीही कोणी देऊ शकत नाही. माझ्या वर्गातून गेलेल्या किती मुलांचे असे प्रश्न बारावीपर्यंत विझलेले मी पाहिले आहेत.

आता कोर्स म्हणजे नेमकं काय ते सांगते, कारण यात जाहिरातींनी बराच धूर केलेला आहे. एनपीटीईएल हा आयआयटी आणि बंगळूरच्या आयआयएस्सीचा उपक्रम २००३ साली सुरू झाला आणि २०१४ पासून परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देऊ लागला. आता हे कोर्स सरकारच्या 'स्वयं' या व्यासपीठावरून चालतात. चार, आठ किंवा बारा आठवड्यांचे असतात. नाव नोंदवायला आणि शिकायला पैसे लागत नाहीत, बारावी पासची अट नाही. दर आठवड्याला व्हिडिओ आणि एक स्वाध्याय. प्रमाणपत्र हवं असेल तरच हजार रुपये भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची. त्यात स्वाध्यायांना पंचवीस आणि परीक्षेला पंच्याहत्तर गुण. बऱ्याच कोर्सचं लेखी भाषांतर मराठीतही मिळतं. इंग्रजी बोलणं कानावरून निसटलं तर ते उघडून बस, त्यात कमीपणा मानू नकोस.

दुसरी गोष्ट, मद्रास आयआयटीची डेटा सायन्सची बीएस पदवी. ती २०२० मध्ये सुरू झाली. तिला जेईई लागत नाही. अकरावी झालेल्यांनाही अर्ज करता येतो, चार आठवडे शिकून पात्रता परीक्षा देता येते. पण पदवीला प्रत्यक्ष प्रवेश बारावी पास झाल्यावरच. तुझ्या मैत्रिणीने सांगितलं ना की "बारावीतच आयआयटीची स्टुडंट होता येतं", ते तसं नाही. शिवाय त्या वाटेला फी आहे, उत्पन्न कमी असलेल्यांना सवलतही आहे. तो विचार पुढच्या वर्षी करू.

आणि क्रेडिटचं म्हणशील, तर आत्ता मिळवलेलं प्रमाणपत्र पुढे तुझं कॉलेज धरेल का, हे त्या कॉलेजवर आणि विद्यापीठावर अवलंबून आहे. एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्रेडिट आराखडा आला. त्यात शाळेपासून पीएचडीपर्यंत एकच हिशेब धरला आहे: तीस तासांच्या अभ्यासाला एक क्रेडिट, वर्षाचे बाराशे तास म्हणजे चाळीस क्रेडिट. कागदावर दार उघडलेलं आहे. पण शाळेत असताना केलेलं कॉलेजचं काम पुढे आपोआप जमा होतं, असं समजून चालू नकोस. वर्ष वाचेल म्हणून हा कोर्स करायचा नाही.

सोळाव्या वर्षी कॉलेजचं शिक्षण झेपतं का, ही तुझ्या आईची काळजी. गोपाळ कृष्ण गोखले १८८४ साली एल्फिन्स्टनमधून बीए झाले तेव्हा अठरा वर्षांचे होते. त्या काळी मॅट्रिक झालं की मूल कॉलेजात. आपल्या महाराष्ट्रात १९७५ पर्यंत अकरावीची मॅट्रिक होती आणि तिच्यानंतर थेट महाविद्यालयाचं पहिलं वर्ष. दहा अधिक दोन अधिक तीन ही रचना माणसांनी सोयीसाठी आखली. मधली दोन वर्षं "कनिष्ठ महाविद्यालय" झाली. तुझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावरही कॉलेज असंच लिहिलेलं आहे.

आणि तिथेच माझा जीव तुटतो. तुझं नाव एका कॉलेजच्या हजेरीपटावर आहे, आणि तू दिवसभर बसतेस दुसऱ्याच इमारतीत, क्लासच्या बाकावर. याला सगळे कौतुकाने "इंटिग्रेटेड" म्हणतात. शाळेत असताना कॉलेजमध्येही नाव घालण्याची जी पद्धत जगात आहे, तिचं आपल्याकडचं रूप हे झालं: दोन ठिकाणी फी, आणि दोन्हीकडे मिळून एकच गोष्ट, टेस्ट सिरीज. प्रयोगशाळेला कुलूप, ग्रंथालयाचं कार्ड कोरं. शासनाने २०१८ मध्ये विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांना बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला, तो याच टाय-अपना आळा घालायला. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंगमध्ये घेऊ नये अशी मार्गदर्शक तत्त्वं दिली. तुमच्याकडे त्यातलं किती उतरलं, ते तू रोज बघतेस. पप्पांना मी दोष देत नाही. कापसाच्या पैशातून त्यांनी दीड लाख भरले ते तुझ्या भल्यासाठीच. पण त्या दीड लाखात तुझ्या एका प्रश्नाचं उत्तर बसलं नाही आणि फुकटच्या कोर्समध्ये बसतंय, हे त्यांनीही पाहावं.

अमेरिकेत शाळेत असतानाच कॉलेजचे विषय घेण्याची पद्धत खूप जुनी आहे आणि तिच्यातून शिकण्यासारखं आहे. कनेटिकट विद्यापीठाने १९५५ मध्येच शाळकरी मुलांसाठी आपले विषय खुले केले. सिरॅक्यूजमध्ये १९७२च्या सुमारास आसपासच्या शाळांचे अधिकारी विद्यापीठाकडे गेले आणि म्हणाले, शेवटच्या वर्षी आमची मुलं नुसती बसून असतात, त्यांना काहीतरी द्या. विद्यापीठाने मुलांना शहरात बोलावलं नाही. शाळेतल्याच शिक्षकांना तयार केलं, अभ्यासक्रम आणि कसोटी विद्यापीठाची ठेवली, आणि वर्ग शाळेतच भरवला. मिनेसोटा राज्याने १९८५ मध्ये कायदाच केला. अकरावी-बारावीच्या मुलाने कॉलेजचा विषय घेतला तर फी आणि पुस्तकं सरकारची, आणि तो विषय शाळेतही धरायचा, कॉलेजातही. तिथे एक धोकाही आहे. कॉलेजचा विषय बिघडला तर तो गुण कायमचा नोंदीत राहतो. तुला तो धोका नाही. परीक्षेचा अर्ज भरला नाहीस तर शिकलेलं तेवढं तुझं, बाकी कुठे काही उमटत नाही.

त्या सिरॅक्यूजच्या शिक्षकांबद्दल वाचल्यापासून माझ्या डोक्यात एकच घोळतंय. आपल्या नववी-दहावीच्या वर्गात दरवर्षी दोन-तीन मुलं अशी असतात की त्यांचं पुस्तक डिसेंबरातच संपतं. सुट्टीत ती टी-पॉइंटवर माळा, स्फटिक आणि माहितीपुस्तकं विकायला उभी राहतात. परदेशी पाहुण्यांशी तोडक्यामोडक्या चार भाषांत भाव करतात, रुपये-डॉलरचा हिशेब तोंडी करतात. त्यांच्याकडे टॅब नाही, डेटा पॅक महिन्याअखेर संपलेला. त्यांना "स्वयंवर नाव नोंदवा" म्हणून सांगणं म्हणजे हात झटकणं आहे. सोयगाव, सिल्लोडच्या महाविद्यालयांतून आठवड्याला एक प्राध्यापक एका दुपारी इथे आला, किंवा आमच्यातल्याच दोघा शिक्षकांना विद्यापीठाने तयार केलं आणि एक विषय पदवीचा म्हणून धरला, तर काय अशक्य आहे? मराठवाड्याला १९५८ पर्यंत स्वतःचं विद्यापीठ नव्हतं. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय काढलं तेव्हा खेड्यापाड्यांतली, ज्यांच्या घरात आधी कोणी शाळेत गेलं नव्हतं अशी मुलं पदवीपर्यंत पोचली. ती हुशार आधीही होती. कॉलेज त्यांच्या जवळ आलं, हा फरक पडला. अंतर अजून शिल्लक आहे, आणि ते कमी करण्याचं काम आमच्या पिढीचं आहे.

या गावाने तर कॉलेजचा वर्गच इथे येताना पाहिलाय. तू लहानपणापासून वाघूरच्या काठाने लेण्यांत जात आलीस, पण हे तुला कोणी सांगितलं का माहीत नाही. १८७२ पासून १८८५ पर्यंत मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला येत राहिले, भिंतीवरच्या चित्रांच्या नकला करायला. पेस्तनजी बोमनजी पहिल्यांदा आले तेव्हा जेमतेम एकवीस-बावीसचे. त्यांच्याबरोबर जगन्नाथ अनंत, नारायण दिवाणजी, जयराव राघोबा. वर्गात प्लास्टरचे पाश्चात्य नमुने समोर ठेवून रेघा मारणारी ही मुलं इथे अंधारात, मशालींच्या धुराने काळवंडलेल्या आणि पोपडे सुटलेल्या भिंतींसमोर बसली आणि हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या चित्रकारांचा हात कसा वळला ते शोधत राहिली. ग्रिफिथ्सनीच पुढे लिहून ठेवलं की भारतीय कलाविद्यार्थ्यासमोर ठेवायला याहून चांगला नमुना नाही. त्यांच्या बऱ्याच नकला लंडनमधल्या आगीत गेल्या. उरलेल्यांचे दोन मोठे खंड १८९६-९७ मध्ये निघाले, आणि जगाने अजिंठ्याचा रंग बहुतांशी त्या विद्यार्थ्यांच्या हातून पाहिला. पुढे १९०९ ते ११ च्या हिवाळ्यांत क्रिस्तियाना हेरिंगहॅम आल्या, त्यांच्याबरोबर कलकत्त्याहून अवनींद्रनाथ ठाकुरांचे शिष्य नंदलाल बोस आणि असित हालदार. हालदार तेव्हा एकोणीस-वीस वर्षांचे असतील. हैदराबादहूनही दोन चित्रकार आले होते. या कोणालाही "आधी शिक्षण पुरं करा, मग खऱ्या कामाला हात लावा" असं सांगितलं गेलं नाही. खऱ्या कामासमोर बसूनच त्यांचं शिक्षण पुरं झालं. मी नववीच्या वर्गाला दरवर्षी लेण्यांत नेते तेव्हा ही नावं फळ्यावर लिहूनच नेते.

आता व्यवहाराचं. जानेवारीचं सत्र एप्रिलपर्यंत चालतं. तुझी वार्षिक परीक्षा त्याच सुमारास येईल, म्हणून बारा आठवड्यांचा नको, आठ आठवड्यांचा बघ. संख्याशास्त्राची किंवा संभाव्यतेची सुरुवात करून देणारा मिळाला तर तोच. सगळे पायथन करतात म्हणून पायथन करू नकोस. मनापासून हवं असेल तर रोपड आयआयटीच्या सुदर्शन अय्यंगार सरांचा 'जॉय ऑफ कॉम्प्युटिंग' नवख्यांना धरून शिकवणारा आहे, पण तो लांब आहे. सुट्टीत नुसता बघ. पहिले दोन आठवडे परीक्षेचा विचारच करू नकोस. आठवड्याला पाच-सहा तास लागतील. ते झोपेतून काढायचे नाहीत, निम्मे तरी रविवारच्या टेस्टनंतरच्या त्या उत्तरतालिकेच्या तीन तासांतून काढ. उत्तरतालिका तुला एकटीला अर्ध्या तासात समजते, हे तूच मला सांगितलं आहेस. तिसऱ्या आठवड्यात वाटलं की ओढाताण होतेय, तर बेलाशक सोड, आणि सोडलंस म्हणून माझ्यापासून तोंड लपवू नकोस. जमतंय वाटलं तर परीक्षेचे हजार रुपये माझ्याकडून. पप्पांकडे मागायचे नाहीत.

बारावीच्या वर्षात मात्र नवीन काही घेऊ नकोस. त्या वर्षी फेब्रुवारी तुझा नाही, बोर्डाचा आहे, आणि ते वास्तव मी किंवा तू बदलू शकत नाही.

उन्हाळ्यात आलीस की माझ्या नववीच्या वर्गावर एक तास घे. गाड्यांचे तेच आकडे घे, आणि एक वजा का करायचा ते मुलांना शिकवून दाखव. मी मागच्या बाकावर बसेन. नावनोंदणी बहुधा जानेवारीअखेर बंद होते, तेव्हा डिसेंबरातच नोंदव आणि कोर्सचं नाव मला कळव. आजीचा गुडघा बरा आहे. बाकी सगळे खुशाल.

तुझी
मावशी