पाणी कोठले?

मुधोळ म्हटले की पुष्कळांना घोरपड्यांचे संस्थान आणि शिकारी कुत्री आठवतात. ते मुधोळ कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात. आमचे मुधोळ बासर आणि भैंसा यांच्या मध्ये वसलेले. १९५६ पर्यंत ते नांदेड जिल्ह्यात होते. मग आदिलाबादेत गेले आणि २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात आहे. जिल्हे बदलले, पण घरातली मराठी बदलली नाही आणि आषाढीची पंढरीची वाटही बदलली नाही. ही हकीकत त्याच वाटेवरची आहे.

आमची एक सव्वीस आसनांची छोटी बस आहे. नांदेडकडची मंडळी मुलांच्या अक्षराभ्यासासाठी बासरच्या सरस्वतीला येतात, त्यांची ने-आण ती करते. आषाढीला पंढरपूर करते. उन्हाळ्यात माणसे हैराण होतात म्हणून आम्ही तिच्या टपावर वातानुकूलन यंत्र बसवून घेतले होते. गाडी चालवणारे गृहस्थ आमच्याहून दहा वर्षांनी वडील. सारे गाव त्यांना मामा म्हणते, आम्हीही मामाच म्हणतो.

२०२२ सालची आषाढी १० जुलैला होती. त्या प्रवासात तिसऱ्या रांगेत डाव्या बाजूला, दिव्याच्या खाचेतून पाणी गळू लागले. तेथे एक आजी मांडीवर ज्ञानेश्वरीची पोथी घेऊन बसल्या होत्या. फडक्यात बांधलेली पोथी भिजली, पाने एकमेकांस चिकटली. आजी रागावल्या नाहीत. "माझ्या सासूबाईंची होती हो," एवढेच त्या म्हणाल्या. त्या वाक्याने आम्ही फार अस्वस्थ झालो, आणि अस्वस्थ मनाला कोणी तरी अपराधी लागतो.

अपराधी समोरच होता. जूनमध्ये बाभळीची फांदी टपाला घासून यंत्राच्या कवचावर चरा उठला होता. बाहेर पावसाची झड लागलेली. त्याच आठवड्यात आमच्या जिल्ह्यातल्या कडेम धरणावर पुराचे विलक्षण संकट आले होते. अशा दिवसांत छतातून गळणारे पाणी पावसाचेच, याविषयी आम्हांस शंका आली नाही. मामा म्हणाले, "मालक, पाऊस थांबला तरी गळतं. अन् ब्रेक दाबला की जास्त गळतं." आम्हांस ती सबब वाटली. आम्ही त्यांचा अर्ध्या महिन्याचा पगार कापला, टपावर माणूस चढवला आणि यंत्राभोवती सीलंटचा जाड थर देववला. पुढच्याच बासरच्या खेपेत पाणी पुन्हा त्याच खाचेतून गळले.

आमचा पुतण्या अमेरिकेत असतो. तिकडे चाकांवरच्या घरातून कुटुंबेच्या कुटुंबे प्रवासाला निघतात आणि त्या घरांच्या छपरांवरही अशी यंत्रे असतात. छपराला चौदा इंचांचा चौकोनी झरोका, त्याच्या कडेने मऊ गॅस्केट आणि त्यावर यंत्र, अशी ती बैठक. फोनवर आमचे रडगाणे ऐकून त्याने एकच प्रश्न केला : "काका, पाणी कोठले? पावसाचे की यंत्राचे?" त्याच्या गाडीचे यंत्र आपले पाणी छपरावरच सोडते. गळतीच्या भीतीने सगळीकडून सीलंट भरणारे लोक त्या पाण्याची वाटच बुजवतात आणि गळती ओढवून घेतात, असे त्याने सांगितले.

हा प्रश्न आम्हांस नवा वाटायला नको होता. आमचे जुने घर माळवदाचे. मृगापूर्वी आजोबा माळवदावर पांढरी माती टाकवीत, आणि आजी पन्हळीत हात घालून पाने, माती, चिमण्यांच्या काड्या काढी. घरात थेंब पडला तर आजोबा थेंबाखाली भांडे ठेवीत, पण भोक तेथे शोधीत नसत. पाणी तुळईच्या कडेने चार हात चालत येते, हे त्यांना ठाऊक होते. आजी तर आधी पन्हळच पाहायची. छत शाबूत असूनही पन्हळ तुंबली की घर गळते.

मग श्रावणातल्या एका कोरड्या दिवशी आम्ही परीक्षा घेतली. यंत्र बंद ठेवले. आमच्या सौभाग्यवतींनी सुचवले, "अहो, बादलीत नीळ कालवा, म्हणजे टपावरचे पाणी आत आले तर ओळखता येईल." गाडीत पांढरी धोतरे अंथरली. आधी यंत्राच्या खालच्या कडेने, मग भोवतीने, शेवटी वरून, असे थांबत थांबत अर्धा तास निळे पाणी ओतले. धोतरावर एकही निळा ठिपका नाही! टप निर्दोष होता आणि बाभळीची फांदीही. नंतर दारे-खिडक्या लावून यंत्र चालू केले. पाऊण तासाने तिसऱ्या रांगेत पहिला थेंब पडला. तो स्वच्छ होता.

पाणी यंत्राचेच होते. आणि ते यंत्रात येणे हा दोष नाही, ते यंत्राचे कामच आहे. १९०२ साली विलिस कॅरियर यांनी ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी असे पहिले यंत्र आखले, ते हवेतला दमटपणा आवरण्यासाठी. ओल्या हवेने कागद फुगून छपाईचे रंग जुळत नसत. थंड कॉइलवर हवेतली वाफ दवासारखी साचते आणि खालच्या ट्रेमध्ये उतरते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४२ अंशांवर असतो, पण हवा कोरडी असते. दमटपणा १५ टक्के असेल, तर ती हवा सुमारे १० अंशांपर्यंत गार झाल्यावाचून दव धरत नाही. पावसाळ्यात ३० अंश आणि ८० टक्के दमटपणा असला की २६ अंशांनाच दव धरू लागते. म्हणून उन्हाळ्यात जेमतेम ओले होणारे यंत्र आषाढ-श्रावणात दर टनामागे तासाला लिटर-दोन लिटर पाणी सहज काढते. पावसाशी गळतीचा संबंध होता खरा. पण पाऊस टपातून नव्हे, हवेतून आत येत होता.

ट्रेचे पाणी दोन्ही बाजूंच्या खांबांतून नळ्यांनी गाडीखाली उतरते. मामा गाडीखाली शिरले आणि थोड्या वेळाने त्यांनी आम्हांस बोलावले. डाव्या नळीचे तोंड काळ्या थराने बंद झाले होते. अक्षय्य तृतीयेनंतर तळाला गंज लागू नये म्हणून तो डांबरी थर आम्हीच, समोर उभे राहून, घाईघाईने देववला होता. मे महिन्यात पाणीच नसल्याने ते कळले नाही. पावसाळ्यात ट्रे भरला आणि ब्रेक लागताच हिंदकळून पाणी छताच्या अस्तरात सांडू लागले. मामा म्हणाले होते ते अक्षरशः खरे होते. त्यांनी तारेने थर फोडला, तेव्हा साचलेले आंबूस पाणी भळभळ जमिनीवर आले. आम्ही कोरडे उभे होतो, पण मान वर करवेना.

ज्यांच्या घरी वा गाडीत असे यंत्र आहे, त्यांच्यासाठी अनुभवाचे चार शब्द. पाणी पावसाचे की यंत्राचे, ते आधी वेगवेगळे तपासून ठरवा. यंत्राचे असेल तर नळी मोकळी आहे का, ट्रे साफ आहे का, गाडी वा यंत्र उलट्या बाजूला कलले आहे का, ते पाहा. फिल्टर धुळीने भरला तर कॉइलवर बर्फ धरतो आणि यंत्र थांबल्यावर तो वितळून गळतो. पावसाचे पाणी ठरले, तरच टपाच्या बैठकीकडे वळा. गॅस्केट ढिले असेल तर बोल्ट जपून आवळा. फार आवळले तर ते चेपून निकामी होते. सीलंटची नळी मात्र सर्वांत शेवटी उघडा.

त्या संध्याकाळी आम्ही मामांच्या घरी गेलो. कापलेले पैसे पुढे ठेवले आणि चूक आमची झाली, असे त्यांच्या मुलांसमोर सांगितले. मामांनी पैसे घेतले, मोजले नाहीत. चहा आला. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "पैशाचं काही नाही, मालक. पुढच्या वेळी आधी विचारा."

आजींना आम्ही नवी पोथी नेऊन दिली. त्यांनी ती डोक्याला लावून घेतली. जुनीची पाने मात्र त्यांनी एकेक सोडवून उन्हात वाळवली आहेत आणि रोजचे वाचन अजून तिच्यातूनच करतात.

आता दर वर्षी मृगापूर्वी मामा आणि आम्ही दोघे मिळून गाडीखाली वाकतो आणि दोन्ही नळ्यांची तोंडे मोकळी आहेत ना, ते पाहतो.